वाय-फाय नेमके कुठे अडते?

डेस्कटॉपवर लिनक्स टाकले, पडदा झकास दिसतो आहे, आवाज येतो आहे, प्रिंटरसुद्धा आपण होऊन ओळखला गेला आहे. वाय-फायचे चिन्ह मात्र गायब. अशा वेळी बहुतेक जण फोन उचलतात आणि उपाय शोधू लागतात. उपाय भरपूर मिळतात. कोणी एखादी आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवायला सांगतो, कोणी कर्नल बदलायला, कोणी राउटर बंद-चालू करायला, तर कोणी अख्खे लिनक्सच दुसरे टाकायला. यातला प्रत्येक उपाय कोणाचे तरी काम झाल्यावरच लिहिलेला असतो, म्हणजे खोटा एकही नसतो. तरीही असे चार-पाच उपाय करून झाले की यंत्र आधी होते त्याहून बिघडलेले असण्याचीच शक्यता जास्त. ‘वाय-फाय चालत नाही’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. त्या एका तक्रारीखाली सात-आठ वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मग आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत होते. माझे म्हणणे एवढेच की उपाय शोधण्याआधी जागा शोधावी. लिनक्सवर ते काम वाटते तितके अवघड नाही, कारण कुठे काय अडले याची नोंद ते सतत ठेवत असते. ती नोंद कुठे वाचायची एवढे माहीत हवे.

वायरलेस जोडणी पायरीपायरीने उभी राहते. सगळ्यांत खाली प्रत्यक्ष कार्ड किंवा यूएसबीत खोचलेला डोंगल. त्यावर कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम. मग फर्मवेअर: हा कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम, आणि बहुतेक कार्डांत तो कायमचा भरलेला नसतो, यंत्र सुरू झाले की दर वेळी ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. त्यानंतर रेडिओ चालू असणे, हवेतली नेटवर्क ऐकू येणे, पासवर्ड जुळणे, राउटरकडून आयपी पत्ता मिळणे, आणि सगळ्यांत शेवटी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडणे. खालची एक पायरी निखळली की वरच्या सगळ्या निकामी. पण याच गोष्टीचा फायदाही आहे. वरची एखादी पायरी चालत असेल, तर तिच्या खालच्या सगळ्या शाबूत असल्याचे जवळपास खात्रीने म्हणता येते आणि त्या तपासण्यात वेळ घालवावा लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न अगदी साधा: शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नेटवर्कची यादी दिसते का? दिसत असेल, तर कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर आणि रेडिओ या चौघांनाही संशयातून मोकळे करावे. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणी कितीही ठामपणे दिलेला असो, तो आपल्यासाठी नाही.

यादीच रिकामी असेल, तर मात्र तळापासून सुरुवात करावी. कॅबिनेटच्या आत बसवलेले कार्ड ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दाखवते, यूएसबी डोंगल ‘एलएसयूएसबी’ दाखवते. दोन्ही आज्ञा यंत्रात काहीही बदलत नाहीत, फक्त काय जोडलेले आहे ते वाचून दाखवतात. डोंगलच्या ओळीत पाहायचा तो ओळखक्रमांक: मध्ये दोन टिंबे, त्याआधीचे चार अंक-अक्षरांचे चिन्ह उत्पादकाचे आणि नंतरचे चार त्या वस्तूचे. खोक्यावर छापलेल्या नावाला इथे किंमत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय डोंगलचेच पाहा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि तिच्या फर्मवेअरचा मूळ कोडही खुला आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या, दिसायलाही जवळपास तशाच डोंगलमध्ये रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस ही चिप आली. दुकानदाराच्या लेखी माल तोच, लिनक्सच्या लेखी या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. ‘माझ्याकडे हाच डोंगल आहे आणि मस्त चालतो’ हे वाक्य त्यामुळे कितीही प्रामाणिक असले तरी त्यावरून काही ठरत नाही. काही डोंगल तर खोचल्याबरोबर आधी स्वतःला सीडी म्हणवून घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. ते सोंग उतरवायला ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. यादीत वायरलेस उपकरणाऐवजी डिस्क दिसली, तर डोंगल मेला असे समजून फेकून देऊ नये.

कार्ड दिसले की पुढचा प्रश्न ड्रायव्हरचा. ‘एलएसपीसीआय’ला ‘-के’ जोडले की प्रत्येक कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. ती नसेल तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. ओळ आहे आणि तरीही नेटवर्कची यादी रिकामी, तर संशय फर्मवेअरवर जातो. कर्नल आपल्या सगळ्या घडामोडी नोंदवत असतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा ती नोंद दाखवते, बहुतेक ठिकाणी आधी ‘सुडो’ लावावे लागते. इंटेलच्या कार्डाबाबत तिथे साधारण अशी ओळ सापडते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ असे शब्द, मग एका फाइलचे लांबलचक नाव, आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’. या उणे दोनचा अर्थ युनिक्समध्ये पूर्वीपासून ठरलेला आहे, फाइल सापडली नाही. कार्ड धडधाकट आहे, ड्रायव्हरही योग्य आहे, डिस्कवरच्या फर्मवेअरच्या फोल्डरात एक फाइल तेवढी नाही. पण म्हणून ही ओळ दिसल्याबरोबर निष्कर्षावर उडी मारायची नाही. इंटेलचा ड्रायव्हर आधी फर्मवेअरची नव्यात नवी आवृत्ती मागतो. ती नसेल तर तिच्या आधीची, तीही नसेल तर तिच्याही आधीची, असा एकेक क्रमांक खाली उतरतो आणि न सापडलेल्या प्रत्येक फाइलची तक्रार नोंदवत जातो. अशा तीन-चार तक्रारींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आलेली असेल, तर सगळे आलबेल आहे. लाल अक्षरांतल्या पहिल्याच ओळीशी थांबणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

विंडोजवर असे काही करावे लागत नाही, हा आक्षेप आता यायलाच हवा, आणि तो खराही आहे. मात्र त्याचे कारण लिनक्सच्या दुबळेपणात शोधले तर उत्तर चुकते. विंडोजसाठी ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी स्वतः लिहून देते. लिनक्ससाठी अनेक कंपन्या वर्षानुवर्षे ना ड्रायव्हर देत होत्या, ना चिपची माहिती. ब्रॉडकॉमचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका बाजूला तिचीच चिप असलेला लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर आतून लिनक्सवर चालत होता, आणि जीपीएल परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये त्याचा मूळ कोड जाहीर करावा लागला. ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प त्यातून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला तिच्याच चिप असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्याला विंडोजचा ड्रायव्हर ‘एनडीआयएस-रॅपर’मध्ये गुंडाळून चालवण्याची कसरत करावी लागत होती. शेवटी काही जणांनी कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे वर्णन लिहिले आणि निराळ्याच मंडळींनी केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, नक्कल केल्याचा ठपका येऊ नये म्हणून. तो २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. तरी फर्मवेअर कंपनीच्याच मालकीचे होते, त्यामुळे ते प्रत्येकाने कंपनीच्या ड्रायव्हरमधून आपल्या हाताने कापून काढायचे, अशी तऱ्हा. अ‍ॅथेरॉसने २००८ मध्ये आणि ब्रॉडकॉमने २०१० मध्ये आपापले खुले ड्रायव्हर दिल्यावर चित्र बदलू लागले. लिनक्सवर वाय-फाय चालत नाही ही ख्याती त्या काळातली आहे. आज इंटेलचे कार्ड असलेल्या यंत्रावर बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही.

अर्थात सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणेही बरोबर नाही. डेबियनने तत्त्व म्हणून २०११ च्या सहाव्या आवृत्तीपासून खुले नसलेले फर्मवेअर मुख्य वितरणातून बाहेर काढले. तत्त्व आदरणीय होते, पण फर्मवेअर नेटवरून उतरवा आणि नेट चालवायला फर्मवेअर हवे, अशा पेचात नवा माणूस अडकत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर घ्यायचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. म्हणजे डेबियनबद्दलचा त्याआधीचा सल्ला आज बहुतेक कालबाह्य आहे. कुठल्याही उपायाच्या वर त्याची तारीख पाहावी, ही सवय अशाने लागते.

‘कालपर्यंत चालत होते, अपडेटनंतर बंद पडले’ ही तक्रारही नेहमीची, आणि तिची जागा बहुधा ठरलेली. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, रिअलटेकच्या अनेक यूएसबी चिपचा बराच काळ नव्हता, त्यांचा ड्रायव्हर बाहेरून आणून यंत्रावरच बांधावा लागतो. तो ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जुळतो. कर्नल बदलला की पुन्हा बांधणे आले. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था ते आपोआप करते, पण तिला नव्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात, आणि त्या नसल्या तर ती मुकाट्याने हात टेकते. सुरू होताना जुना कर्नल निवडून पाहिला की शंका लगेच फिटते. सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक भानगड: ड्रायव्हर बिनचूक बांधला गेला तरी त्यावर मान्य सही नाही म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही, आणि नोंदीत ‘की वॉज रिजेक्टेड’ अशा अर्थाचे वाक्य उमटते. अशा वेळी ड्रायव्हर दहा वेळा पुन्हा बांधून काहीही होणार नाही. राहता राहिला रेडिओ. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दोन ओळींत सांगते की तो प्रोग्रॅमने बंद केला आहे की एखाद्या बटणाने. एअरप्लेन मोड चुकून चालू राहिलेला असतो, तो इथे सापडतो.

यादी दिसते, पण आपले नेटवर्क तिच्यात नाही, किंवा आहे पण जोडणी मरगळलेली, हा प्रकार डेस्कटॉपवर विशेष आढळतो आणि त्यात लिनक्सचा वाटा फार थोडा असतो. लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेने उंचावर असतो. डेस्कटॉपचा असतो मागच्या बाजूला, टेबलाखाली, पोलादी कॅबिनेट आणि भिंत यांच्या सांदीत. मदरबोर्डवरच वाय-फाय असलेल्या यंत्रांबरोबर येणारे अँटेना तर पुष्कळदा खोक्यातच राहून जातात, आणि मागच्या दोन सोनेरी बोंडांना ते फिरवून बसवायचे असतात हे लक्षात येत नाही. सिग्नलची ताकद ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा उणे आकड्यात दाखवते. उणे ५० उत्तम, उणे ७० कामचलाऊ, उणे ८० म्हणजे रडगाणे. हे मापन दहाच्या पटीत चालते, म्हणून उणे ५० आणि उणे ८० यांतला फरक तीस नसून हजार पटींचा आहे. यूएसबी डोंगलला आणखी एक शत्रू आहे, त्याच्या शेजारचे निळे छिद्र. यूएसबी ३ च्या वेगवान संदेशवहनातून निर्माण होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपणच प्रसिद्ध केले होते. बाह्य हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू झाला की वाय-फाय लंगडू लागते, त्यामागे बहुधा हे असते. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की दोन्ही दुखणी एकदम जातात. एवढा स्वस्त उपाय कुठल्याच ड्रायव्हरमध्ये सापडणार नाही.

फोनला दिसणारे नेटवर्क संगणकाला दिसत नसेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. जुने, स्वस्त डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झचेच असतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झवरचे नेटवर्क कधीच दिसणार नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट देशाची. कुठल्या चॅनेलवर बोलायला परवानगी आहे हे देशागणिक बदलते, आणि लिनक्स ते नियम काटेकोर पाळते. भारतात १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल चालतात, अमेरिकेसाठीच्या यादीत ते नाहीत. यंत्रावर देश म्हणून अमेरिका नोंदलेली असेल आणि राउटरने गर्दी टाळायला तेरावा चॅनेल पकडला असेल, तर ते नेटवर्क त्या यंत्रासाठी अस्तित्वातच नसते. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा नोंदलेला देश सांगते. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला तरी काम होते. पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावरच्या या चॅनेलांत एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीन हेच. मुंबई-ठाण्याच्या दाटीच्या इमारतींत मात्र हे तिन्ही भरलेले असतात. भारताने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना खुला केला आहे. राउटर आणि कार्ड दोन्हींना झेपत असेल तर सरळ तिकडे जावे.

नेटवर्क दिसते, पण पासवर्डाची चौकट पुन्हा पुन्हा उघडते, तेव्हा पासवर्ड चुकला असेच आपण धरून चालतो. ती चौकट दर वेळी खरे सांगत नाही. जोडणी कुठल्याही कारणाने फिसकटली तरी कित्येकदा तीच पुढे येते. ‘जर्नलसीटीएल’मध्ये ‘नेटवर्कमॅनेजर’ आणि ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ यांच्या ओळी पाहिल्या की खरे कारण कळते. ‘फोर-वे हँडशेक फेल्ड’ आणि ‘राँग की’ असे असेल तर पासवर्डच चुकला. तसे नसेल, तर राउटर नव्या डब्ल्यूपीए३ वर अडून बसला असण्याची किंवा ठरावीक यंत्रांनाच आत घेत असण्याची शक्यता तपासावी. जोडणी झाली पण नेट नाही, तेव्हा ‘आयपी अ‍ॅड्रेस’ पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलाच नाही आणि यंत्राने स्वतःच एक घेऊन टाकला. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला ‘पिंग’ करावे, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिले दोन चालले आणि नाव अडले, तर दोष फक्त नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये आहे आणि वाय-फायचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथे १२७.०.०.५३ असा चमत्कारिक पत्ता दिसतो आणि तोच बिघाड समजून लोक खोडून टाकतात. उबुंटूसारख्या वितरणांत तो तसाच असायला हवा. यंत्रातल्याच एका सेवेचा तो पत्ता आहे.

एवढी तपासणी सामान्य माणसाने का करावी, सरळ लिनक्स पुन्हा टाकावे, असे म्हणणारे पुष्कळ. पुन्हा टाकल्याने सेटिंग्ज कोऱ्या होतात. चिप, अँटेना आणि निळे छिद्र होते तिथेच राहतात. त्यापेक्षा लाइव्ह यूएसबीवरून यंत्र सुरू करून पाहावे. तिथे वाय-फाय चालले तर दोष आपल्या सेटिंग्जमध्ये किंवा अपडेटमध्ये, नाही चालले तर त्याच्याही खाली. डिस्कला हातसुद्धा लागत नाही. नवा डोंगल घ्यावा, हा सल्ला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. बाहेरून बांधलेला ड्रायव्हर दर अपडेटला सांभाळत बसण्यापेक्षा, कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेली चिप शोधून घेणे शहाणपणाचे. फक्त खरेदी खोक्यावरचे नाव पाहून करू नये. तोवर अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू केले, तर बहुतेक लिनक्स त्याला वायरवाले नेटवर्क म्हणून ओळखते, आणि फर्मवेअर उतरवण्याचा तो पेच तिथल्या तिथे सुटतो.

ही पद्धत जिथे तोकडी पडते तो बिघाड म्हणजे अधूनमधून होणारा. तपासायला बसावे तर सगळ्या पायऱ्या धड दिसतात, आणि उठले की जोडणी तुटते. इथे नोंदीतल्या वेळा कामाला येतात. यंत्र थोडे निवांत असताना तुटत असेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्डाला डुलकी घ्यायला लावणारी सोय पहिली संशयित. डेस्कटॉपला बॅटरी नाही, त्यामुळे ती बंद करून पाहण्यात काही गमवायचे नसते. बॅकअपच्या वेळी तुटत असेल तर निळे छिद्र. आणि संगणकाचे तुटते त्याच मिनिटाला हातातल्या फोनचेही तुटत असेल, तर टर्मिनल मिटून राउटरकडे जावे.